आनंदाची राखण

आपल्या धर्मग्रामातील कितीतरी घरांची मुले आज परदेशी आहेत. कोणी आखातात, कोणी कॅनडात, कोणी ऑस्ट्रेलियात. आमची लेकही मेलबर्न शहराच्या पूर्वेकडील एका उपनगरात संसार करते. तिच्याकडे आम्ही दोघे दोन उन्हाळे राहून आलो. परत आल्यावर भेटेल तो विचारतो, ‘काय काय पाहिलेत?’ पाहण्यासारखे पुष्कळ होते. परंतु आमच्या मनात घर करून राहिला तो एक प्रश्न. आपल्या माणसांत, आपल्या जगात इतके दुःख असताना आपण आनंदात राहणे योग्य आहे काय?

हा प्रश्न आम्ही पुस्तकातून आणलेला नाही. दुसऱ्या खेपेस निघण्याच्या महिनाभर आधी आमच्या घरातील मोठी आत्या देवाघरी गेली. तिकिटे आधीच काढलेली होती म्हणून गेलो. तिथे नातवंडे हसत होती, त्यांच्याबरोबर आम्हीही हसत होतो आणि हसता हसता मनाला काहीतरी टोचत होते. कोणाच्या घरी मरण, कोणाच्या घरी आजारपण, कोणाचा मुलगा नोकरीवाचून बसलेला आणि आपण मात्र समुद्रावर! हे टोचणे आपल्यापैकी अनेकांनी अनुभवले असेल. म्हणून त्याचा विचार सर्वांनी मिळून करावा असे वाटले.

प्रथम तो आनंद कसला होता ते सांगावयास हवे. त्यात मोठे असे काहीच नव्हते. ऑस्ट्रेलियात डिसेंबर ते फेब्रुवारी हा उन्हाळा, त्यामुळे नाताळ ऐन उन्हात येतो. मेलबर्नमध्ये ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी घड्याळे एक तास पुढे करतात. त्यामुळे डिसेंबरअखेर सूर्य रात्री पावणेनऊच्या सुमारास मावळतो. लेक-जावई कामावरून घरी आले तरी दोन-तीन तासांचा उजेड शिल्लक असतो. त्या उजेडातच त्यांचे खरे घर चालते. मागच्या अंगणात कचऱ्याचा चाकांचा डबा स्टंप म्हणून उभा राहतो आणि नातवंडांचे क्रिकेट सुरू होते. सार्वजनिक बागेत विजेच्या शेगड्या बसवलेल्या असतात. कोणीही जावे, भाजावे, खावे आणि शेगडी पुसून पुढच्या कुटुंबाला द्यावी. नाताळच्या सुमारास चेरी येतात, त्या कागदी पिशवीतून खात खात घरी परतायचे. झाडावर कुकाबुरा पक्षी माणसासारखा मोठ्याने हसतो आणि त्याला ऐकून मुलेही हसतात. एवढेच.

आणि त्यांचा कुत्रा, चिकू. कुत्र्याला काल आठवत नाही आणि उद्याची काळजी नाही, असे आपण म्हणतो. ते पूर्ण खरे नसेलही. परंतु दाराशी पट्टा वाजला की त्याच्या अंगात जो उत्साह संचारतो, तो पाहून थकलेला माणूसही बूट घालतो. पवित्र शास्त्रातील तोबीताच्या ग्रंथात तरुण तोबिया राफाएल देवदूताबरोबर लांबच्या प्रवासाला निघतो, तेव्हा त्यांच्यामागून एक कुत्रा चालत जातो. त्या साऱ्या कथेत कुत्र्याला काहीही काम नाही. तो रोग बरा करीत नाही, संकट टाळत नाही. तो फक्त सोबत जातो आणि परतीच्या वेळीही सोबत असतो. ज्या ग्रंथात आंधळेपण, मरण आणि गरिबी यांचे इतके दुःख आहे, त्यात या बिनकामाच्या सोबतीलाही जागा मिळाली आहे. हे आम्हांला महत्त्वाचे वाटते.

मेलबर्नच्या पूर्वेस डँडेनॉंगचे डोंगर आहेत. तेथील ‘माउंटन ॲश’ हे वृक्ष जगातील सर्वांत उंच फुलझाडांच्या जातीचे. मान मागे टाकली तरी शेंडा दिसत नाही. खाली माणसाहून उंच नेचे आणि त्यांच्या सावलीत लायरबर्ड नावाचा पक्षी पाचोळा उकरीत फिरतो. तो इतर पक्ष्यांचे आवाज हुबेहूब काढतो. या जंगलात फिरावयास जाताना मात्र चिकूला घरी ठेवावे लागते, कारण राष्ट्रीय उद्यानात कुत्र्यांना मनाई आहे. लायरबर्ड जमिनीवर वावरणारा आणि बहुधा जमिनीलगत घरटे करणारा पक्षी. आमच्या लाडक्या कुत्र्याचा खेळ त्याच्या पिल्लाचा जीव घेऊ शकतो. नातू पहिल्यांदा रडला. मग त्याला कारण समजावून सांगितले, तेव्हा तो म्हणाला, “म्हणजे चिकू घरी राहतो म्हणून तो पक्षी गातो.” आमच्या प्रश्नाच्या उत्तराचा एक धागा येथे हाती लागला. आपला आनंद कोणाच्या जिवावर उठत नाही ना, हे पाहणे ही पहिली गोष्ट.

ऑस्ट्रेलियाच्या इतिहासातील 1938 हे एकच साल घेतले तरी आनंदाच्या तीन बाजू दिसतात.

त्या वर्षी 26 जानेवारीला इंग्रजांची पहिली गलबते सिडनीच्या किनाऱ्याला लागल्यास दीडशे वर्षे झाली. शहरात मिरवणुका निघाल्या. त्याच दिवशी, त्याच शहरात देशाच्या मूळ रहिवाशांपैकी शंभरेक जण एका सभागृहात जमले आणि त्यांनी तो दिवस ‘शोकदिन’ म्हणून पाळला. ज्यांची भूमी गेली, मुले हिरावली गेली, त्यांनी त्या मिरवणुकीत कसे नाचावे? विल्यम कूपर, विल्यम फर्ग्युसन आणि जॅक पॅटन हे त्यांचे पुढारी. त्यांनी कोणाचा सण बंद पाडा अशी मागणी केली नाही. त्यांनी समान नागरी हक्क मागितले. 26 जानेवारी आजही तेथे सुट्टीचा दिवस आहे आणि आजही अनेकांसाठी तो शोकाचा दिवस आहे. दुसऱ्याच्या जखमेवर उभा राहिलेला आनंद कितीही वाजतगाजत आला, तरी तो पुरा होत नाही.

त्यानंतर अकराच दिवसांनी, 6 फेब्रुवारी 1938 या रविवारी सिडनीच्या बाँडी समुद्रकिनाऱ्यावर हजारो कुटुंबे सुट्टीचा आनंद घेत होती. एकामागून एक आलेल्या मोठ्या लाटांनी शेकडो माणसांना आत ओढून नेले. जीवरक्षक मंडळाचे तरुण त्या वेळी किनाऱ्यावरच होते. त्यांनी जीव धोक्यात घालून माणसे बाहेर काढली. पाच जण दगावले, बाकीचे वाचले. हे जीवरक्षक स्वयंसेवक होते. सिडनीच्या किनाऱ्यांवर अशी मंडळे 1907 सालापासून संघटितपणे काम करू लागली होती. आजही उन्हाळ्यातील रविवारी लाल-पिवळे झेंडे रोवून विनावेतन पहारा करणारी तरुण मुलेमुली तेथे दिसतात. इतर लोक पोहतात तेव्हा ती उन्हात उभी असतात. आपल्या वाडीत पूर्वी पिकाची राखण होत असे, तशी ही आनंदाची राखण!

आणि त्याच वर्षीचा नाताळ. मेलबर्नमधील रेडिओ निवेदक नॉर्मन बँक्स यांनी 1937च्या नाताळच्या आदल्या रात्री घरी परतताना एक दृश्य पाहिले होते. खिडकीशी एक वृद्ध बाई एकटीच बसली होती. मेणबत्तीच्या उजेडात रेडिओवरील नाताळगीते ऐकत ती स्वतःशी गात होती. आपण सर्वांनी मिळून गायलो तर एकटे कोणीच राहणार नाही, असा विचार त्यांच्या मनात आला. 1938 साली त्यांनी शहरातील बागेत लोकांना मेणबत्त्या घेऊन बोलावले आणि हजारो लोक आले. ती प्रथा अजून चालू आहे आणि आज तिच्यातून अंध व अल्पदृष्टी व्यक्तींसाठी निधी जमतो. एका बाईचे एकटेपण एका माणसाला दिसले, त्यातून हे सारे उभे राहिले.

म्हणजे आनंद तोच, उन्हाळा तोच. पण एक आनंद दुसऱ्याला बाहेर ठेवणारा, एक दुसऱ्याचा जीव सांभाळणारा आणि एक दुसऱ्याला आत बोलावणारा.

कोणी म्हणेल, हे ठीक, पण आग लागलेली असताना काय? ऑस्ट्रेलियाच्या उन्हाळ्यात हा प्रश्न खराखुरा असतो. 7 फेब्रुवारी 2009 रोजी मेलबर्नचे तापमान 46.4 अंशांवर गेले आणि व्हिक्टोरिया राज्यातील वणव्यांत 173 माणसे मरण पावली. 2019-20च्या उन्हाळ्यातील वणव्यांत 33 जण गेले आणि तीन हजारांहून अधिक घरे जळाली. गावाकडील या आगींशी झुंजणारे बहुसंख्य लोकही स्वयंसेवकच. कोणी शेतकरी, कोणी दुकानदार, कोणी शिक्षक. ज्याने शनिवारी मुलांबरोबर क्रिकेट खेळावे, त्यानेच रविवारी बंबावर चढून निघावे. कडक उष्म्याच्या दिवशी सरकार उघड्यावर विस्तव पेटवण्यास बंदी करते, तेव्हा सहलीला निघालेले कुटुंब मुकाट्याने गार जेवण बांधून घेते. आनंदी माणसे बेफिकीर असतात असा आपला समज आहे. परंतु आपले अंगण, आपले रान, आपली माणसे ज्याला मनापासून आवडतात, तोच ती वाचवण्यासाठी धावतो. ज्याला कशातच गोडी नाही, त्याला राखायचे तरी काय?

तेराव्या शतकातील संत थॉमस अक्वायनस यांनीही हा प्रश्न हाताळला आहे. खेळ आणि विरंगुळा यांना त्यांनी सद्गुणांच्या चर्चेत जागा दिली. ते एक जुनी गोष्ट सांगतात. प्रेषित योहान आपल्या शिष्यांबरोबर खेळत असलेले पाहून काहींना खटकले. तेव्हा योहानने त्यांच्यातील धनुर्धाऱ्याला बाण सोडण्यास सांगितले आणि विचारले, ‘हे असेच सतत करता येईल का?’ तो म्हणाला, ‘नाही, धनुष्य मोडेल.’ मनाचेही तसेच. इतकेच नव्हे, तर जो स्वतः हसत नाही आणि दुसऱ्याच्या हसण्यातही मिठाचा खडा टाकतो, त्याचे वागणे संत थॉमस दोषास्पद मानतात. अर्थात खेळालाही मर्यादा हवी, हेही ते सांगतात.

आता मोठ्या आत्याविषयी. आम्ही मेलबर्नला तोंड पाडून बसलो असतो तर तिला काय मिळाले असते? मे महिन्यात आम्हां सर्वांच्या मुलांना गोळा करून जांभळे वेचायला नेणारी तीच. अर्धी जांभळे आजारी शेजारणीसाठी बाजूला काढायला लावणारीही तीच. तिच्या हाताखाली आमची लेक आनंद कसा घ्यावा आणि कसा वाटावा हे शिकली. दुःख दाबून टाकावे असे आम्ही म्हणत नाही. संध्याकाळच्या प्रार्थनेत तिचे नाव घेताना डोळे भरून येतच होते आणि सकाळी चिकूबरोबर फिरताना हसूही येत होते. दोन्ही खरे होते, एकाने दुसरे खोटे पडत नव्हते.

असा आनंद घेण्यासाठी ऑस्ट्रेलियाला जावे लागत नाही. समुद्र आपल्याला आहे, वाड्या आहेत, मे महिन्याची सुट्टी आहे. राखण मात्र कमी पडते. रविवारी आपल्या किनाऱ्यावर मजा करून गेलेल्यांच्या फुटक्या बाटल्या सोमवारी कोळ्यांच्या मुलांच्या पायांत घुसतात. लग्नाच्या रात्री आपला ध्वनिक्षेपक शेजारच्या आजाऱ्याला झोपू देत नाही. ज्यांची मुले परदेशी आहेत असे कितीतरी वृद्ध आपल्याच आळीत खिडकीशी बसलेले असतात.

तेव्हा या सुट्टीत कुटुंबासह अवश्य बाहेर पडा, मनसोक्त हसा, त्यासाठी कोणाची क्षमा मागू नका. मात्र निघण्यापूर्वी घरातल्या मुलांना दोन प्रश्न विचारा: आपल्या मजेमुळे आज कोणाला त्रास होणार आहे? आणि आपल्या गाडीत एक जागा रिकामी आहे, ती कोणाला द्यायची? मुले नाव चटकन सुचवतात असा आमचा अनुभव आहे.