तारा तुटला नव्हता

संतसज्जनहो, या अंकी आम्ही निरूपणास बसलो आहोत ते आमच्याच एका चुकीचे माप पदरात घेण्यासाठी. कीर्तनकाराने दुसऱ्याचे दोष गाऊ नयेत. स्वतःचा सांगण्यास मात्र हरकत नाही.

पाठशाळेत असता आम्ही वराहमिहिरांच्या बृहत्संहितेतील उल्कालक्षणाचा अध्याय वाचिला होता. स्वर्गातील शुभफळ भोगून जे खाली येतात, त्यांची रूपे म्हणजे उल्का, असे तेथे सांगितले आहे. वनपर्वातही अर्जुन इंद्रलोकी निघाला असता मातली त्यास सांगतो की, भूमीवरून तारे दिसतात ते पुण्यवान लोक होत. एवढी सामग्री हाती, आणि समोर भरली सभा! मग काय, वैराग्य ठसविण्याच्या भरात आम्ही म्हणू लागलो, "तारा तुटला की समजावे, खाली कोणाचा तरी दिवस भरला." सभा चरके. आम्हांस वाटे, कीर्तन रंगले.

एकदा आरती झाल्यावर गावातील एक म्हातारी मागे थांबली. म्हणाली, "बुवा, एक विचारू? तुटत्या ताऱ्याला मी बोट दाखविलं होतं. त्याच महिन्यात माझा पोरगा गेला. माझ्या बोटानं गेला का हो?" आम्ही म्हणालो, "माउली, देवाची इच्छा." ती मान हलवून गेली. पण ते उत्तर नव्हते, हे तिलाही कळले आणि आम्हांसही.

पुढे २००१ साली दिवाळी सरली, आणि आमचा पुतण्या कॉलेजातून घरी आला. म्हणाला, "काका, १८ नोव्हेंबरची रात्र जागायची आहे. उल्का मोजायच्या." आम्ही म्हटले, जागराची आम्हांस काय नवलाई! भीमेकाठच्या आमच्या शेतात, खळ्यावर घोंगडी अंथरून उताणे निजलो. दुर्बीण नाही, यंत्र नाही. एक वही, पेन्सिल, घड्याळ, आणि तांबडा कागद बांधलेली बॅटरी. थंडी मी म्हणत होती, तरी शेकोटी नाही, कारण उजेड पाहिला की डोळे आंधळे. अंधाराची सवय व्हावयास त्यांस अर्धा तास लागतो.

मध्यरात्रीनंतर पूर्वेस सिंह राशी वर आली. मघा नक्षत्र ठळक दिसू लागले, आणि त्याच्या अंगाने रेघा सुटू लागल्या! कोणी पांढरी, कोणी हिरवट; कोणी मागे धुराचा माग ठेवून जाई. पुतण्या घड्याळ सांगे, आम्ही वहीत रेघ ओढू. तीन ते चार या एका तासात शंभरी ओलांडली. आमचा हात थरथरू लागला. मनात आले, शंभर माणसे! एवढी तर आमच्या गावची निम्मी आळी नाही.

उजाडावयाच्या आधी पोर म्हणाले, "काका, आता तारे मोजा." पाहतो तो सप्तर्षी सातचे सात. कृत्तिकांचा घोस पश्चिमेस जसाच्या तसा. मघा जागच्या जागी. एवढे तुटले, आणि कमी एकही नाही! सकाळी गावात हिंडून आलो. सारी घरे नांदती होती.

मग ते होते काय? टेंपल-टटल नावाचा एक धूमकेतू सुमारे तेहतीस वर्षांनी सूर्याजवळ येतो. त्याची वाटेत सांडलेली धूळ, पुष्कळशी वाळूच्या कणाएवढी. दरवर्षी नोव्हेंबरच्या मध्यास आपली पृथ्वी त्या धुळीतून जाते. कण सेकंदास सुमारे ७१ किलोमीटर वेगाने हवेत शिरतो आणि सुमारे शंभर किलोमीटर उंचीवर जळून जातो. पावसात चालणाऱ्याच्या छातीवर थेंब अधिक बसतात, पाठीवर कमी. मध्यरात्रीनंतर आपली बाजू पृथ्वीच्या चालीच्या तोंडाशी येते, म्हणून उल्का तेव्हा अधिक दिसतात.

आणि साऱ्या सिंहेतूनच का निघतात? लांब सरळ रस्त्यावर उभे राहून येणारी दिंडी पाहा. दूर ती एका टिंबातून निघाल्यासारखी दिसते. जवळ येता दोहों अंगांस पांगते. वारकरी मात्र शेजारी शेजारीच चालत असतात. तसेच हे. १८३३ च्या नोव्हेंबरात अमेरिकेत उल्कांचा असा लोट आला की, जगबुडी आली म्हणून लोक रडले. येल येथील ऑल्मस्टेड नामक अध्यापकांनी वर्तमानपत्रांतून साध्यासुध्या लोकांस विचारिले, तुम्ही काय पाहिले ते कळवा. त्या उत्तरांतून सिंहेतील हे टिंब पक्के झाले. भ्यालेल्यांनी जे खरे पाहिले तेच सांगितले, म्हणून पुढच्यांचे भय गेले.

त्याच सकाळी आम्ही म्हातारीच्या उंबऱ्याशी गेलो. म्हटले, "आजी, तारा तुटला नव्हता. तुमच्या बोटाचा दोष नाही. दोष आमच्या जिभेचा." ती बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "एवढी वर्षं मी वर बघितलंच नाही, बुवा."

पुढची दोन वर्षे चंद्राचा उजेड आड आला. २००४ साली ती खळ्यावर आली. हातात जपमाळ, एक उल्का, एक मणी. पण हा पूर काही वर्षांनीच येतो, एरवी तासाला दहाबाराही भाग्याच्या. तासाभरात सहा मणी सरकले, पुढच्या पाव तासात एकही नाही. पुतण्याने वहीत शून्य मांडले. तिने विचारले, "नाही दिसलं तेही लिहितात?" तो म्हणाला, "आजी, शून्य लपविणाऱ्याचे शंभर कोण खरे मानील?" जगभरचे हौशी लोक असेच मोजतात, १९८८ पासून त्यांची आंतरराष्ट्रीय संघटना आहे. तेथे अशा वह्यांतील आकडे गोळा होतात, शून्यासकट.

माउलीहो, नेम म्हणतात तो हाच. जो पूर पाहावयास येतो तो बघ्या. कोरड्या रात्रीही जो जागेवर असतो तो वारकरी. आणि गादीवर उभे राहणाऱ्या आम्हां मंडळींस एवढेच सांगणे: आपण पाहिले तेवढेच पाहिले म्हणावे. भय घालून मिळविलेली मान डोलणी देवाच्या दारी जमा होत नाही, ती कोणाच्या तरी काळजात काटा होऊन राहते.

तो धूमकेतू २०३१ मध्ये पुन्हा येणार आहे. आम्ही असू वा नसू. पण १७ नोव्हेंबरच्या सुमारास मध्यरात्रीनंतर अंगणात घोंगडी टाका, दिवे मालवा, लेकराबाळांस शेजारी घ्या. रेघ उमटली की त्यांस खुशाल बोट दाखवू द्या.

राम कृष्ण हरि.