वाटीभर विरजण

आमच्या शेजारच्या वहिनींची मुलगी शिकायला जर्मनीत गेली. त्याआधी आमच्या पारोळ्याबाहेर ती राहिली ती जळगावला, कॉलेजपुरती, आणि तेव्हाही दर शनिवारी घरी यायची. तिकडच्या पहिल्याच थंडीत एका रात्री तिचा फोन आला, "आई, दही लागतच नाही गं." दूध कोमट होतं का, भांडं कुठे ठेवलंस, सगळी चौकशी झाली. मग वहिनी सवयीनं बोलून गेल्या, "शेजारून वाटीभर विरजण आण ना." पलीकडे आवाज थांबला. थोड्या वेळानं मुलगी रडत म्हणाली, "शेजारी कोण राहतं तेच मला माहीत नाही. तीन महिने झाले."

दह्याचं काय, दुकानातल्या दह्याचं विरजण लावून ते दुसऱ्या दिवशी लागलं. रडू त्या दह्याचं नव्हतंच.

वहिनींनी हे सांगितल्यापासून एक गोष्ट मला टोचते आहे. या मुलीला निरोप द्यायला गल्लीतले आम्ही सगळे जमलो होतो. बिबड्या, तिखट शेव, कळण्याचं पीठ, दोन किलो मसाला, बॅगेत मावेल तेवढं भरलं. आणि येणारा प्रत्येक जण, मीसुद्धा, तिला एकच सांगत होता: "जपून राहा. कुणाचे उपकार घेऊ नकोस." आम्ही प्रेमानंच सांगत होतो. पण परक्या गावात माणसाला एकटं पाडणारा याहून वाईट सल्ला नसेल. जी कुणाकडे काहीच मागणार नाही, तिचं दार कुणी कशासाठी वाजवावं?

आपल्याकडे ओळखी कशा होतात ते आठवून पाहा. नव्या सुनेला गल्ली कळते ती चाळणी मागायला गेल्यावर. विरजणाची वाटी जाते, परत येताना तिच्यात चिमूटभर साखर तरी असते, कारण रिकामं भांडं परत करायचं नाही. मग ही वाटी वर्षानुवर्षं इकडून तिकडे फिरत राहते. हिशेब कधीच पुरा होत नाही, आणि तो पुरा होऊ नये हीच त्यातली खुबी आहे. ज्याची सगळी देणी फिटली, त्याला त्या घरात पुन्हा जायला कारण उरत नाही.

आनंदीबाई जोशी मला इथे आठवतात. पहिली भारतीय स्त्री-डॉक्टर म्हणून आपण त्यांना मान देतो, पण त्यांच्या मैत्रीकडे आपलं लक्ष जात नाही. न्यू जर्सीतल्या रोझेल गावच्या थिओडिसिया कार्पेंटर या बाईंनी एका मासिकात त्यांच्या यजमानांचं, गोपाळरावांचं, पत्र वाचलं आणि 1880 साली आपण होऊन आनंदीबाईंना पत्र धाडलं. ओळख ना पाळख, धर्म निराळा. तीन वर्षं पत्रं चालली. 4 जून 1883 ला अठरा वर्षांच्या आनंदीबाई न्यूयॉर्कला उतरल्या तेव्हा कार्पेंटरबाई बंदरावर हजर होत्या. आनंदीबाई त्यांना मावशी मानत. पहिला उन्हाळा त्यांनी मावशींच्या घरी काढला, आणि मग शिकायला फिलाडेल्फियाला गेल्या.

त्यांनी आसरा घेतला, माया घेतली, पण शाकाहार सोडला नाही, साडी सोडली नाही. लाचारी न पत्करता घेता येतं, हे मी त्यांच्याकडून शिकतो. 1885 च्या ऑक्टोबरमधलं त्यांच्या कॉलेजातलं एक छायाचित्र प्रसिद्ध आहे. साडीतल्या आनंदीबाई, शेजारी जपानची केई ओकामी, तिसरी सीरियाची साबात इस्लामबूली. तिघी आपापल्या देशाच्या पोशाखात. तिघींनाही ते गाव परकं होतं. त्या छायाचित्रात मला तीन डॉक्टरांआधी घरापासून लांब असलेल्या तीन मुली दिसतात.

26 फेब्रुवारी 1887 ला आनंदीबाई पुण्यात वारल्या, वय पुरतं बावीसही नव्हतं. त्यांच्या अस्थी गोपाळरावांनी कार्पेंटरबाईंकडे पाठवल्या. न्यूयॉर्क राज्यातल्या पोकीप्सी गावी, कार्पेंटर घराण्याच्या दफनभूमीत, आजही त्यांचा दगड उभा आहे. एका पत्रातून सुरू झालेलं देणंघेणं असं कुठवर जातं!

जर्मनीतल्या मुलीनं पुढे काय केलं तेही सांगतो. पडद्याचा दांडा बसवायला स्क्रूड्रायव्हर हवा होता. नवा विकत आणायचा, तर ती जिना उतरून खालच्या म्हाताऱ्या बाईंकडे मागायला गेली. रविवारी बाटल्या कचऱ्यात टाकायच्या नाहीत, आवाज होतो, लोक रागावतात, हे तिला त्याच बाईंनी सांगितलं. स्क्रूड्रायव्हर परत करताना तिनं डब्यात शेव दिली. चार दिवसांनी डबा आलुबुखार भरून वर आला. वहिनी हे सांगताना डोळे पुसत होत्या. "तिकडेही रिकामा डबा देत नाहीत हो," म्हणाल्या.

आणि आपलं गाव, पारोळा? 1727 साली हरी सदाशिव दामोदर यांनी आपला भुईकोट किल्ला बांधला. त्यांचं नेवाळकर घराणं मूळचं रत्नागिरीकडचं, म्हणजे आपल्या किल्ल्याचे मालकही इथे नवखेच होते. त्याच घराण्याची शाखा पुढे झाशीला गेली, राणी लक्ष्मीबाईंचं सासर ते हेच. इतकी येजा पाहिलेल्या या गावात आज बँकेत, शाळेत, दवाखान्यात कुणी बदली होऊन आलं की खोली दाखवण्याआधी आपण आडनाव विचारतो. पाण्याचा पेला त्या उत्तरानंतर पुढे येतो, कधी येतही नाही. आपली लेकरं परदेशात ज्या दारांसमोर उभी आहेत, तिथे त्यांना कुणी असंच पारखून घ्यावं, हे आपल्याला चालेल का?

आमच्या समोरच्या माडीवर दिवाळीपासून एक नर्स राहते. चंद्रपूरकडची आहे एवढंच मला ऐकून माहीत होतं. तिला काही हवं असेल तर ती सांगेल, असं धरून मी गप्प बसलो होतो. वहिनींशी बोलणं झाल्यावर परवा जिना चढलो. द्यायला काही नेलं नाही, मागायलाच गेलो. म्हटलं, "बेटा, माझं बीपी मोजून देशील का? दवाखान्यात फार वेळ बसवत नाही आता."

"काका, बसा ना," म्हणत तिनं खुर्चीवरचे कपडे उचलले. पट्टा दंडाला बांधला, आकडा वाचला, मीठ कमी करा म्हणाली. मग पट्टा गुंडाळता गुंडाळता थोडं थांबून विचारलं, "काका, इथे भाताचे बरे तांदूळ कुठे मिळतात? आम्हाला दोन वेळा भात लागतो."