शह फक्त राजाला

बँकेत चेक वटतो, गाडीत तिकीट चेक होतं, डॉक्टर बीपी चेक करतात, दुकानातून आपण चेक्सचा शर्ट आणतो आणि मुंबई-ठाण्याच्या वेशीवर मुलुंडचा चेकनाका असतो. पैसे देण्याचा कागद, तपासणी, चौकड्यांची नक्षी, अडवण्याची जागा. इतक्या लांबलांबच्या गोष्टींना एकच नाव कसं मिळालं? इंग्रजीत दिसायला सारखे पण मुळात वेगळे असे शब्द पुष्कळ आहेत. काडेपेटीची मॅच आणि क्रिकेटची मॅच यांचं एकमेकींशी काही नातं नाही. चेकचं तसं नाही. त्याचे हे सगळे अर्थ एकाच मुळातून फुटले आहेत, आणि ते मूळ म्हणजे फारसीतला ‘शाह’. चेक म्हणजे राजा.

ही वाट बुद्धिबळाच्या पटावरून जाते. हत्ती, घोडे, रथ आणि पायदळ या सेनेच्या चार अंगांवरून ज्याला चतुरंग म्हणत, तो खेळ आपल्याकडून इराणात गेला. हिंदच्या राजाने तो इराणचा बादशहा नौशेरवान याच्या दरबारात कसा धाडला याची गोष्ट फिर्दौसीच्या शाहनाम्यातही आहे. इराणात चतुरंगाचं चतरंग झालं आणि सातव्या शतकात अरबांनी इराण जिंकल्यावर शतरंज. स्पेन आणि पोर्तुगालने हेच नाव घेतलं. गोव्यावर साडेचारशे वर्षं राज्य केलेल्या पोर्तुगिजांच्या भाषेत बुद्धिबळाला आणि चौकड्यांच्या कापडाला आजही एकच शब्द आहे, तो शतरंजवरूनच आलेला. बाकीच्या बहुतेक युरोपने मात्र खेळाचं नाव उचललं नाही. खेळताना जी हाक कानावर पडे ती उचलली.

ती हाक होती ‘शाह!’. प्रतिस्पर्ध्याच्या राजावर मारा आला की खेळाडूने तसं सांगायचं: राजा, सांभाळ. बेसावध राजाला मारणं हा जिंकण्याचा मार्ग नव्हता. आधी सावध करायचं, मग त्याची सगळी घरं बंद करायची. ती बंद झाली की ‘शाह मात’. या ‘मात’चे दोन अर्थ सांगतात. एक अरबीतला, ‘मेला’ हा. दुसरा फारसीतला, ‘निरुपाय झाला’ हा. मला दुसरा पटतो, कारण पटावर राजा कधीच मारला जात नाही, त्याला फक्त वाट उरत नाही. हीच जोडी फ्रेंचमधून इंग्रजीत गेली आणि ‘चेकमेट’ झाली. इंग्रजीतलं ‘चेस’ हे खेळाचं नावही ‘शाह’च्याच जुन्या फ्रेंच रूपाच्या अनेकवचनातून आलं आहे.

आणि आपण? आपण ‘शह देतो’, राजकारणातल्या शह-काटशहाच्या बातम्या वाचतो, संकटावर ‘मात करतो’. बँकेतला चेक आपल्याला परका वाटतो आणि शह घरचा, पण शब्द एकच आहे. फारसीतून तो थेट आपल्याकडे आला, आणि तोच अरब, फ्रेंच, इंग्रज असा वळसा घालून पुन्हा एकदा आला. त्याच्याही मागे गेलं तर इराणातल्या बेहिस्तूनच्या कड्यावर सम्राट दारियसने कोरून घेतलेल्या लेखात राजासाठी जो शब्द आहे, त्याच्यापासून ‘शाह’ झाला. त्याचा धातू आणि आपल्या ‘क्षत्र’चा, ‘क्षत्रिया’चा धातू सख्खे भाऊ आहेत.

इथे सावध राहायला हवं. सारखेपणावरून नातं जोडायचा मोह फार लवकर होतो. ‘शहा’ हे आडनाव राजावरून आलं असं कुणी म्हणेल, पण गुजराती व्यापाऱ्यांचं ते आडनाव साधू, साहू, साह असं आलेलं आहे. चेकबद्दलही असाच एक तर्क नेहमी ऐकू येतो. अरब व्यापाऱ्यांच्या लेखी हमीपत्राला ‘सक्क’ म्हणत, आणि बँकेचा चेक त्यावरूनच आला असं सांगतात. ऐकायला तो गोड आहे. पण शब्दाचं मूळ ठरतं ते त्याने केलेल्या प्रवासावरून, आणि इंग्रजीतल्या नोंदी दुसरीच वाट दाखवतात.

ती वाट अशी. राजाला शह बसला की मनातली चाल सोडून आधी त्याला वाचवावं लागतं. म्हणून चेक म्हणजे अचानक आलेला अडथळा, मग आवर, मग ताबा. ताबा ठेवायचा तर पडताळून पाहावं लागतं, म्हणून तपासणी. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला इंग्लंडमध्ये पैशाच्या कागदाचा जो तुकडा कार्यालयात ठेवून घेत, त्याला चेक म्हणू लागले. कागदात कुणी खाडाखोड केली तर या स्थळप्रतीशी ताडून लबाडी उघडी पडे. पुढे हे नाव मूळ कागदालाच चिकटलं. अमेरिकेत आजही त्याचं स्पेलिंग तपासणीच्या चेकसारखंच आहे. इंग्लंडमध्ये आणि आपल्याकडे ते वेगळं झालं, त्याला कारण ‘एक्सचेकर’ या शब्दाची ओढ.

एक्सचेकर म्हणजे इंग्लंडच्या राजाचा खजिना आणि त्याचं हिशेबखातं. ब्रिटनच्या अर्थमंत्र्याच्या पदनामात हा शब्द अजून आहे. बाराव्या शतकात, दुसऱ्या हेन्रीच्या राज्यात, त्याचा खजिनदार रिचर्ड फिट्झनील याने या खात्याच्या कारभारावर संवादाच्या रूपात एक ग्रंथ लिहिला. त्यात त्या प्रसिद्ध टेबलाचं वर्णन आहे. सुमारे दहा फूट लांब आणि पाच फूट रुंद टेबल, वरचं काही घरंगळू नये म्हणून कडा उचललेल्या, आणि त्यावर रेघा आखलेलं काळं कापड. या रेघांमध्ये पेन्स, शिलिंग, पौंड, विसा, शेकडे, हजार यांची घरं. रोमन आकड्यांत बेरीज-वजाबाकी करणं जिकिरीचं असल्यामुळे घराघरांत सोंगट्या मांडत. ईस्टर आणि मायकेलमस या दोन सणांच्या सुमारास परगण्याचा शेरीफ, म्हणजे राजाचा वसुली अधिकारी, तिथे हजर होई. किती वसूल व्हायला हवं होतं त्याच्या सोंगट्या मांडायच्या, किती भरलं त्याच्या खाली मांडायच्या. उरलेली बाकी सगळ्यांच्या डोळ्यांसमोर, अक्षर न येणाऱ्या शेरीफच्याही. या नावाचं एक कारण फिट्झनील सांगतो की टेबल पटासारखं दिसतं. दुसरं असं की पटावर जशी दोघांची लढाई होते, तशी इथे खजिनदार आणि शेरीफ यांच्यात होते. पटाच्या नावावरून हिशेबखात्याचं नाव पडलं, आणि त्याच पटावरून कापडाच्या चौकड्यांनाही चेक्स म्हणू लागले.

या साऱ्या अर्थांत मला सर्वांत मोलाचा वाटतो तो राज्यशास्त्रातला. १७८८ साली अमेरिकेच्या नव्या संविधानाची बाजू मांडताना जेम्स मॅडिसनने एक्कावन्नाव्या फेडरलिस्ट लेखात मांडलं की सरकारला आधी प्रजेवर ताबा ठेवता आला पाहिजे, आणि मग स्वतःवर ताबा ठेवायला त्याला भाग पाडलं पाहिजे. त्यासाठी संसद, कार्यकारी सत्ता आणि न्यायालय यांनी एकमेकांना आवरायचं. या व्यवस्थेला ‘चेक्स अँड बॅलन्सेस’ हे नाव रूढ झालं. ज्या शब्दाचा अर्थ राजा होता, तो राजाला आवरणारा शब्द झाला, याहून मोठी मजल एखादा शब्द काय मारणार?

म्हणूनच रोजच्या व्यवहारात त्याचं काय झालंय ते पाहून मन अस्वस्थ होतं. पटावर शह फक्त राजाला देतात. प्याद्याला शह नसतो. आपल्याकडे मात्र प्याद्यांचीच तपासणी अखंड चालते. केवायसी पुन्हा द्या, हयातीचा दाखला दरसाल द्या, रेशनच्या दुकानात अंगठा लावा, आणि राबून झिजलेल्या बोटांचा ठसा जुळला नाही तर रिकामी पिशवी घेऊन परत जा. मॅडिसनने सांगितलेलं पहिलं काम आपल्या व्यवस्थेने मन लावून केलं. दुसऱ्या कामासाठी संविधानाने १४८व्या कलमापासून महालेखापरीक्षकाची तरतूद केली, त्याचे अहवाल सभागृहांपुढे येतात, लोकलेखा समिती ते तपासते. पण ते अहवाल किती जण वाचतात, आणि वाचून किती जण जाब विचारतात? तपासणीला माझा विरोध नाही. चेकच्या स्थळप्रतीसारखी, एक भाग एकाकडे आणि दुसरा दुसऱ्याकडे अशी दोन्ही हातांत पुरावा ठेवणारी तपासणी प्रामाणिक माणसाचंच रक्षण करते. एकाच बाजूने होणारी तपासणी हा पहारा असतो.

शह द्यायला पटावर मोठा मोहरा लागत नाही. प्यादंही राजाला शह देतं, आणि तो तितकाच पक्का असतो. आपल्या हातात ही चाल आहे. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर या दिवसांच्या आसपास गावोगाव ग्रामसभा भरतात. तिथे जाऊन पंचायतीच्या जमाखर्चाचा कागद मागा. शहरात असाल तर आपल्या प्रभागातल्या कामांची बिलं मागा. असे कागद मागण्याचा हक्क देणारा देशाचा माहिती अधिकार कायदा २००५ साली आला. महाराष्ट्राने स्वतःचा कायदा त्याआधीच, २००२ साली केला होता. अर्जाला दहा रुपये लागतात, दारिद्र्यरेषेखालच्या माणसाला तेही नाहीत, आणि उत्तर तीस दिवसांत द्यावं लागतं.