आम्ही आणि आपण

मराठीत 'आम्ही' आणि 'आपण' हे दोन वेगळे शब्द आहेत. मराठी माणसाला ते सांगावं लागत नाही, पण या पानावर इतर भाषांतले वाचकही डोकावत असतील म्हणून सांगते. 'आम्ही' म्हणताना बोलणारी व्यक्ती ऐकणाऱ्याला बाहेर ठेवते, 'आपण' म्हणताना आत घेते. तेलुगूत हाच भेद मेमु आणि मनम् यांत आहे, तमिळमध्ये नांगळ् आणि नाम् यांत, गुजरातीत अमे आणि आपणे यांत. हिंदीचं 'हम', बंगालीचं 'आमरा' आणि इंग्रजीचं 'वी' यांना मात्र दोन्हीकडची कामं करावी लागतात.

हे व्याकरण माझ्या मनात घोळू लागलं ते मुलाखतींमुळे. हल्ली माझ्याकडे कथा-कवितांइतक्याच मुलाखती भाषांतराला येतात. संशोधक गावोगावी जातात, तास-दोन तास बोलतात, ते बोलणं ध्वनिमुद्रित होतं, कागदावर उतरतं आणि इंग्रजी होण्यासाठी इथे पोचतं. समाजशास्त्रात याला गुणात्मक मुलाखत म्हणतात. किती टक्के लोकांना काय वाटतं हे तिथे मोजायचं नसतं. एका माणसाला स्वतःच्या जगण्याचा जो अर्थ लागला, तो त्याच्याच शब्दांत समजून घ्यायचा असतो. प्रश्न असा की त्याने लावलेला अर्थ समजून घेणं म्हणजे तो मान्य करणं का? आणि मान्य नसेल, तर त्याचं बोलणं घेऊन आपला अर्थ छापण्याचा अधिकार आपल्याला कुणी दिला?

एक वाक्य बघा. सासरच्या माणसांबद्दल विचारल्यावर एखादी बाई म्हणते, "आपण काय बोलणार त्यांच्यापुढे?" साधं वाक्य, रोज कानावर पडणारं. पण हे 'आपण' म्हणजे कोण? ती एकटी असू शकेल, कारण मराठीत माणूस स्वतःबद्दलही आपण म्हणतो. मुंबईत तर "आपण नाही बुवा जात" म्हणजे मी जात नाही. किंवा कोणीही माणूस, 'आपण बरं नि आपलं काम बरं' या चालीचं. किंवा सगळ्या सुना. किंवा ती आणि समोर बसलेली, तिच्याच वयाची, गळ्यात मंगळसूत्र असलेली संशोधक, म्हणजे 'तुझंही असंच असेल ना, बाई?' ही शेवटची शक्यता खरी असेल तर ते उत्तर नाही, उलटा प्रश्न आहे. इंग्रजीत मला एक निवडावंच लागतं. 'आय' निवडलं की ती बाई एकटी पडते. मग पुढच्या टप्प्यावर कोणीतरी त्या ओळीसमोर 'असहायता' असं लेबल लावतं, आणि तिने पुढे केलेला हात कुठल्याच तक्त्यात बसत नाही.

याच्या उलट 'आमच्यात'. "आमच्यात असं चालत नाही" हे वाक्य महाराष्ट्रात कुणी उच्चारलं की त्याचा अर्थ बहुधा 'आमच्या जातीत' असा असतो. जात हा शब्द उच्चारायची गरजच पडत नाही. आणि विचारणारा त्या जातीचा नाही हेही त्याच शब्दात नोंदवलं जातं. समोरच्याचं आडनाव ऐकून बोलणाऱ्याने ते आधीच ठरवलेलं असतं.

दोन पुस्तकांची नावं इथे शेजारीशेजारी ठेवावीशी वाटतात. हैदराबादच्या स्त्री शक्ती संघटनेने तेलंगणच्या सशस्त्र लढ्यातल्या स्त्रियांच्या मुलाखती घेऊन 1986 मध्ये तेलुगूत पुस्तक काढलं, 'मनकु तेलियनि मन चरित्र'. म्हणजे आपल्याला माहीत नसलेला आपला इतिहास. उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी आंबेडकरी चळवळीतल्या स्त्रियांना शोधून, भेटून, बोलतं करून 1989 मध्ये मराठीत पुस्तक केलं, 'आम्हीही इतिहास घडवला'. इंग्रजीत पहिलं झालं 'वी वेअर मेकिंग हिस्टरी', दुसरं वंदना सोनाळकर यांच्या भाषांतरात 'वी ऑल्सो मेड हिस्टरी'. दोन्हीकडे 'वी'. मूळ भाषांत मात्र एक दार उघडं आहे, दुसरं बंद.

तेलुगू नावातलं 'मन' हे विचारणाऱ्यांचं आहे. लढलेल्या बायकांनंतरच्या पिढीच्या, शहरातल्या, शिकलेल्या स्त्रिया म्हणतात, हा इतिहास आपला सगळ्यांचा आहे. त्यात जिव्हाळा आहे आणि थोडा हक्कही. मराठी नावातल्या 'आम्ही'चं तोंड वाचकाकडे आहे, ज्यांनी आजवर या स्त्रियांना इतिहासातून वगळलं त्यांच्याकडे. पवार आणि मून स्वतः त्याच चळवळीतल्या. त्या घरांत बसून बोलताना त्यांचा शब्द 'आपण' असणार, असं मला वाटतं. पुस्तकाच्या मुखपृष्ठावर तो 'आम्ही' झाला, आणि तो 'आम्ही' तसाच राहायला हवा. मी तो वाचते तेव्हा मी बाहेर असते, आणि तिथे असणंच योग्य आहे.

मग ज्याने-त्याने आपापल्या माणसांच्याच मुलाखती घ्याव्यात का? तसं मला म्हणायचं नाही. आतल्या माणसाला निम्म्या गोष्टी कोणी सांगतच नाही. "तुला माहितीच आहे" असं म्हटलं की विषय तिथेच संपतो. परक्याला निदान समजावून सांगावं लागतं.

आतल्या माणसाचीही फसगत होते, याचं माझ्या माहितीतलं सर्वांत बोलकं उदाहरण अमेरिकेतलं आहे. लोकसाहित्याच्या अभ्यासक कॅथरिन बोरलंड यांनी आपल्या आजीकडून 1944 सालची एक आठवण टेप केली. मेन राज्यातल्या जत्रेत घोड्यांची शर्यत होती. आजीने वडिलांचा सल्ला न जुमानता आपल्या पसंतीच्या घोड्यावर पैसे लावले आणि जिंकली. नातीने त्यात पुरुषी जगाला दिलेलं स्त्रीचं आव्हान वाचलं. लेख आजीला दाखवला, तेव्हा आजीने लांबलचक पत्र लिहून हरकत घेतली: मी काही स्त्रीवादी नाही, आणि ही गोष्ट आता माझी राहिलेलीच नाही. रक्ताचं नातं होतं, भाषा एक होती. तरी आजीने जे 'आम्ही' म्हणून सांगितलं ते नातीने 'आपण' म्हणून ऐकलं. बोरलंड यांनी ते पत्र लपवलं नाही. 1991 साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या लेखाचा गाभाच ते भांडण आहे. पुढे दोघी पुन्हा बोलल्या आणि आजीने काही मुद्दे मान्यही केले.

या लेखाचा दाखला देऊन अनेकजण म्हणतात की शेवटचा शब्द बोलणाऱ्याचाच असायला हवा. मला ते पटत नाही. "आमच्या गावात जातपात काही नाही" हेही कुणीतरी मुलाखतीतच, अगदी प्रामाणिकपणे सांगतो. त्याचा अर्थ जसाच्या तसा घ्यायचा तर गावाबाहेरची वस्ती त्याच्या 'आमच्या'मध्ये आहे की नाही, हे विचारायचंच नाही असं होईल. तिथे त्याच्या शब्दाविरुद्ध जावंच लागतं.

यावर एक सोयीची वाटणी केली जाते: बलवानांचं बोलणं तपासायचं, दुबळ्यांचं हात जोडून ऐकून घ्यायचं. चांगल्या मनाची माणसं हे करतात. पण त्यात त्या दुबळ्या माणसाचा एक सूक्ष्म अपमान आहे. त्याच्या बोलण्याला साक्ष म्हणून मान मिळतो, मत म्हणून नाही. ज्याच्याशी वाद घालायचा नाही असं आपण ठरवून टाकतो, त्याला आपण बरोबरीचं मानलेलं नसतं. आजीशी नात भांडली, म्हणून तर आजीला उत्तर देता आलं.

तेव्हा अर्थ वेगळा लावण्याला माझी हरकत नाही. हरकत आहे ती पाठीमागे लावण्याला. अहवाल इंग्रजीत जातो, बाई मराठीत राहते. तिच्या एका वाक्याचं पुढे काय झालं हे तिला कळायची सोयच नसते. उतरवलेला मजकूर तिला परत वाचून दाखवायला एक दुपार लागते. तेवढा वेळ आणि प्रवासखर्च प्रकल्पाच्या अंदाजपत्रकात धरलेला मी क्वचितच पाहिला आहे. भाषांतराचे पैसे मात्र धरलेले असतात, शब्दागणिक.

माझ्या हातात त्यातलं फार थोडं आहे. मुलाखत छापताना बहुतेक वेळा प्रश्न गाळतात आणि उत्तरांची सलग कहाणी करतात; वाचायला ती छान लागते. मी मागते ते एवढंच, की प्रश्न राहू द्या. अडखळलेले, लांबलेले, चुकीच्या जागी विचारलेले, सगळे. "आपण काय बोलणार" च्या आधी संशोधक काय म्हणाली होती, तिने स्वतःच्या सासूबद्दल काही सांगितलं होतं का, हे दिसलं तर त्या 'आपण'चं काय करायचं ते ठरवता येतं.