चलान बापाच्या नावावर

गेल्या मंगळवारी मोबाइलवर ई-चलानचा मेसेज आला. लिंक उघडून फोटो पाहिला. सिग्नलपाशी थांबलेली माझी स्कूटर, तिच्यावर माझा १९ वर्षांचा मुलगा आणि हेल्मेट कोपरात अडकवलेलं. गाडी माझ्या नावावर, म्हणून दंडही माझ्याच नावावर. दोन मिनिटांत पैसे भरून टाकले. रात्री जेवताना त्याला सांगायचं राहून गेलं. खरं म्हणजे राहिलं नाही, मी टाळलं.

हेल्मेट नसेल तर दंडाबरोबर तीन महिने लायसन्स अपात्र ठरवण्याचीही तरतूद आपल्या कायद्यात आहे. पण कॅमेऱ्याला नंबरप्लेट दिसते, लायसन्स दिसत नाही. मधल्या मध्ये बाप पैसे भरतो आणि मुलाला पत्ताही लागत नाही.

याची सुरुवात लवकर होते. १६ व्या वर्षी मिळतं ते ५० सीसीपर्यंतच्या विनागिअर गाडीचं लायसन्स, तेही पालकाच्या सहीने. गिअरच्या गाडीला १८ पूर्ण लागतात. अकरावी-बारावीच्या क्लासबाहेर उभ्या असतात त्या मात्र ११० आणि १२५ सीसीच्या गाड्या. किल्ली आपणच दिलेली असते. २०१९ च्या दुरुस्तीने अशा वेळी पालकाला किंवा मालकाला २५ हजार दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद सांगितली. शिवाय मुलाला वयाच्या २५ व्या वर्षापर्यंत लायसन्स नाही. मला हा शेवटचा भाग सगळ्यांत मोलाचा वाटतो. तेवढा एक मुलाच्या वाट्याला येतो.

ब्रिटनमध्ये दंडाबरोबर लायसन्सवर पॉइंट चढतात. तीन वर्षांत १२ झाले की सहसा निदान सहा महिने गाडी बंद. २००३ मध्ये ख्रिस ह्यून या राजकारण्याची गाडी वेगमर्यादा तोडताना कॅमेऱ्यात सापडली. त्यांच्या नावावर आधीच ९ पॉइंट होते. नवे तीन पत्नी विकी प्राइस यांनी, गाडी आपणच चालवत होतो असं लिहून देऊन, स्वतःच्या लायसन्सवर घेतले. दहा वर्षांनी, २०१३ मध्ये, दोघांनाही आठ-आठ महिन्यांची शिक्षा झाली. तोवर ह्यून यांचं मंत्रिपदही गेलं होतं. बातमी वाचली तेव्हा वाटलं होतं, तीन पॉइंटांसाठी तुरुंग म्हणजे फारच झालं. आता तसं वाटत नाही. पैसे कुणाच्याही खिशातून जाऊ शकतात, चूक तशी दुसऱ्याच्या नावावर चढवता येत नाही.

काल रात्री फोटो मुलासमोर ठेवला. त्याने नीट पाहिला.

‘‘भरलेस ना पैसे, बाबा?’’

आवाजात उद्धटपणा नव्हता. त्याला खरोखरच तेवढंच विचारण्यासारखं वाटलं, आणि ते माझ्यामुळे.

गाडी त्याच्या नावावर करायचे फॉर्म २९ आणि ३० आणून ठेवलेत. रविवारी दोघं बसून भरणार आहोत.