किल्ली आणि विश्वास

आपल्याकडे माणसाची प्रतिष्ठा त्याच्याजवळच्या किल्ल्यांवरून ठरते. सासूने कोठीच्या खोलीची किल्ली सुनेच्या हाती दिली, की तो दिवस घराण्याच्या इतिहासात नोंदला जातो. दिली नाही, तर तोही नोंदला जातो. फक्त सुनेच्या माहेरी. किल्ली दिली म्हणजे विश्वास टाकला आणि न दिली म्हणजे संशय घेतला, हे समीकरण आपण पाळण्यातच शिकतो. ते साफ चुकीचं आहे, असं माझ्या भाच्याचं म्हणणं. तो डेटाबेस अ‍ॅडमिनिस्ट्रेटर आहे.

म्हणजे नक्की काय करतो, ते त्याच्या लग्नाच्या वेळी मुलीकडच्यांनी मला विचारलं होतं. ‘काँप्युटरमध्ये आहे’ एवढं सांगून मी वेळ मारून नेली. पुढे त्यानेच सोप्या भाषेत समजावलं. “मामा, कंपनीच्या सगळ्या नोंदी तक्त्यांत ठेवलेल्या असतात. ग्राहकांचा तक्ता, मालाचा तक्ता, पगाराचा तक्ता. कोणता तक्ता कुणी नुसता वाचायचा, कुणी त्यात भर घालायची, कुणी बदल करायचा आणि कुणी खोडायचं, ते मी बघतो. थोडक्यात, किल्ल्या वाटतो.”

वाटतो, पण कर्णासारखा नव्हे. रेशन दुकानदारासारखा, मोजून. वाचण्याची किल्ली वेगळी, लिहिण्याची वेगळी, खोडण्याची त्याहून वेगळी. ओरॅकल नावाच्या डेटाबेसात तर नव्या माणसाचं खातं उघडलं, त्याला पासवर्ड दिला, तरी त्याला आत पाऊल टाकता येत नाही. प्रवेशाचा अधिकार निराळा द्यावा लागतो. दारावर नावाची पाटी लागलेली आणि दार बंद! प्रत्येकाला त्याच्या कामापुरते, कमीत कमी अधिकार द्यावेत, हे या शास्त्राचं सूत्र साल्टझर आणि श्रोडर या दोन संशोधकांनी १९७५ साली लिहून ठेवलं आहे.

या सूत्राचा भाच्याच्या ऑफिसातला पहिला बळी म्हणजे खुद्द मोठे साहेब. साहेबांना सगळे तक्ते वाचता येत, पण एक अक्षर बदलता येत नसे. गोदामातला कारकून मात्र मालाच्या तक्त्यात दिवसभर लिहीत बसे. साहेब कडाडले, “मी इथला सर्वेसर्वा, आणि त्या कारकुनाला माझ्यापेक्षा जास्त अधिकार?”

“सर, मालाची आवक तुम्ही नोंदवणार आहात का?” भाच्याने नम्रपणे विचारलं.

साहेब गप्प बसले. त्या वर्षी भाच्याची पगारवाढही गप्प बसली.

माझी सहानुभूती, खरं सांगायचं तर, साहेबांकडे होती. मी म्हटलं, “अरे, माणसांवर भरवसाच नाही की काय तुझा? सगळ्यांकडे चोर म्हणूनच बघायचं?”

तेव्हा त्याने मला आपल्या आधीच्या नोकरीतली हकीकत सांगितली. त्या कंपनीत वातावरण मोठं खेळीमेळीचं. लेखाविभागातल्या सात माणसांत मिळून एकच खातं आणि एकच पासवर्ड, तोही भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहिलेला. ‘आपल्यात परकं कोण आहे?’ हे तिथलं ब्रीदवाक्य. एके दिवशी पुरवठादारांच्या देण्याचे आकडे बदललेले निघाले. डेटाबेसची नोंदवही तपासली. तिने प्रामाणिकपणे सांगितलं, की बदल ‘अकाउंट्स’ने केला. म्हणजे सातांपैकी कुणीतरी.

मग चौकशी झाली, म्हणजे सगळ्यांनी एकमेकांकडे पाहिलं. सातांत वीस वर्षं नोकरी झालेले हेडक्लार्क होते, मालकांचा चुलतभाऊ होता. त्यांच्यावर संशय घेणार कोण? सगळ्यांच्या नजरा तीन महिन्यांपूर्वी लागलेल्या एका शिकाऊ मुलीवर येऊन थांबल्या. तिचं काम नुसते आकडे वाचून अहवाल काढायचं. बदलण्याची किल्ली तिने मागितली नव्हती. खेळीमेळीच्या वातावरणात ती तिच्या गळ्यात पडली होती. ‘मी केलं नाही’ असं ती सांगू शकत होती. ‘मला ते करताच येत नाही’ असं सांगू शकत नव्हती. महिनाअखेर तिची नोकरी गेली. आकडे कुणी बदलले, ते शेवटपर्यंत कळलं नाही.

“तिला वाचण्यापुरतंच स्वतःचं खातं असतं ना मामा,” भाचा म्हणाला, “तर तिच्याकडे कुणाला बोटसुद्धा दाखवता आलं नसतं.”

यावर मला लगेच बोलता येईना. विश्वास म्हणून ज्याचं कौतुक चाललं होतं, तो निम्मा आळसच होता. सात खाती उघडायचा कंटाळा. आणि त्याची किंमत भरली ती सगळ्यांत धाकट्या माणसाने. संशय हा पाण्यासारखा असतो, उतार दिसेल तिकडेच धावतो. साहेबांच्या केबिनपर्यंत तो चढल्याचं निदान मी तरी पाहिलेलं नाही.

किल्ली देणं एक वेळ सोपं, परत मागणं महाकठीण. डेटाबेसात त्याचीही सोय आहे. देण्याच्या आज्ञेला ‘ग्रँट’ म्हणतात, काढून घेण्याच्या आज्ञेला ‘रिव्होक’. शिवाय, मिळालेला अधिकार पुढे दुसऱ्याला देण्याची मुभाही देता येते. मग मधल्याची किल्ली काढली, तर त्याने पुढे ज्यांना दिली त्यांचं काय? आयबीएमच्या ‘सिस्टिम आर’ या डेटाबेससाठी ग्रिफिथ्स आणि वेड यांनी १९७६ साली याचं उत्तर दिलं. मुळात ती किल्ली दिलीच नसती तर जी स्थिती असती, ती आणायची. त्याच्यामुळे ज्यांना मिळाली, त्यांचीही जाते. दुसऱ्या कुणाकडून स्वतंत्रपणे आधीच मिळालेली असेल, तर राहते. आपल्याकडे मंत्री जातो, पण त्याने चिकटवलेला मेहुणा निवृत्त होईपर्यंत राहतो. आपल्या राज्यकारभारात रिव्होक आहे, पण ते मेहुण्यापर्यंत पोचत नाही.

“आणि तुझ्या स्वतःच्या अधिकारांचं काय?” मी शेवटचा बाण काढला. कारण सगळ्या किल्ल्यांची किल्ली त्याच्याकडे. त्याला अडवणारं कुणी नाही.

“रोजच्या कामाला मी माझं साधं खातं वापरतो. मोठं खातं लागेल तेवढ्यापुरतंच उघडतो.”

“म्हणजे स्वतःवरही विश्वास नाही?”

“आहे ना. पण रात्री दोन वाजता डोळे चोळत उठलेल्या माझ्यावर नाही.”

विश्वास माणसाला द्यावा आणि किल्ली कामाला द्यावी, हा त्याचा सिद्धांत मला इतका पटला, की मी तो त्याच संध्याकाळी घरी सविस्तर मांडला. सौभाग्यवतींनी भाजी निवडता निवडता सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

“अगदी बरोबर आहे त्याचं,” त्या म्हणाल्या. “मग ती बँकेच्या लॉकरची किल्ली इकडे द्या. तुमचं तिथे काय काम असतं?”