बोलता येत नाही, एवढंच

“त्याला सगळं कळतं हो, फक्त बोलता येत नाही.” घरात कुत्रा-मांजर असलेली, दावणीला बैल असलेली माणसं हे वाक्य कधी ना कधी म्हणतातच. पाहुण्यांपुढे म्हणताना त्यात कौतुक असतं. जनावर गेल्यावर म्हणताना गळा दाटून येतो. मला या वाक्याबद्दल माया आहे, म्हणूनच ते नीट तपासून पाहावंसं वाटतं. त्याचा पूर्वार्ध आपण समजतो त्याहून जास्त खरा आहे. उत्तरार्ध मात्र खरा नाही. जनावरं बोलतात. त्यांच्या तोंडी आपलंच बोलणं घालण्यात आपण इतके गुंतलेले असतो की त्यांचं बोलणं आपल्यापर्यंत पोहोचत नाही.

पूर्वार्धाचा पुरावा भक्कम आहे. अमेरिकेत साउथ कॅरोलायनातल्या स्पार्टनबर्गमध्ये जॉन पिली हे मानसशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक राहत. त्यांनी चेसर नावाच्या बॉर्डर कॉली कुत्रीला १०२२ खेळण्यांची नावं शिकवली. ती नावं पिलींच्या स्वतःच्या लक्षात राहत नसत, म्हणून त्यांनी ती खेळण्यांवर लिहून ठेवली होती. चेसरला असा आधार नव्हता. नाव घेतलं की ती ढिगातून नेमकं तेच खेळणं आणायची. शिवाय ‘घे’, ‘पंजा लाव’, ‘नाक लाव’ ही सांगितलेली क्रिया वेगळी आणि खेळण्याचं नाव वेगळं, हेही तिला उमजत होतं. २०११ साली हे काम शोधनिबंधातून प्रसिद्ध झालं. पुढे २०१६ मध्ये बुडापेस्टच्या आत्तिला आंदिच आणि सहकाऱ्यांनी कुत्र्यांना एमआरआयच्या यंत्रात निश्चल पडून राहायला शिकवलं आणि त्यांना कौतुकाचे शब्द कोरड्या आवाजात, कोरडे शब्द कौतुकाच्या आवाजात, अशा सगळ्या जोड्या ऐकवल्या. बक्षीस मिळाल्याच्या आनंदाशी जोडलेला मेंदूचा भाग जागा झाला तो शब्द आणि सूर दोन्ही कौतुकाचे होते तेव्हाच. गोड आवाजात काहीही बोललं तरी कुत्र्याला सारखंच वाटतं, हा समज त्यामुळे डळमळीत झाला आहे.

पण कळणं म्हणजे काय, याचा सगळ्यात विलक्षण दाखला त्याआधी शंभरेक वर्षांपूर्वी बर्लिनमध्ये मिळाला होता. विल्हेल्म फॉन ओस्टेन या निवृत्त गणित शिक्षकांचा हान्स नावाचा घोडा बेरीज-वजाबाकी करायचा, तारीख सांगायचा, खुराने जमिनीवर ठोके देऊन उत्तर मोजून दाखवायचा. खेळ पाहण्याचे पैसे फॉन ओस्टेन घेत नसत. आपला घोडा विचार करतो यावर त्यांचा मनापासून विश्वास होता. १९०४ मध्ये कार्ल श्टुम्फ यांच्या पुढाकाराने एक मंडळ नेमलं गेलं, त्यालाही यात लबाडी आढळली नाही. मग श्टुम्फ यांचे सहायक ओस्कार फुंग्स्ट यांनी चिकाटीने प्रयोग केले. प्रश्न विचारणाऱ्यालाच उत्तर ठाऊक नसलं की हान्स चुकतो, आणि विचारणारा त्याच्या नजरेआड गेला की तो गोंधळतो, असं त्यांना दिसलं. प्रश्न विचारून झाल्यावर माणूस नकळत किंचित वाकतो, खुराकडे पाहतो. घोडा ठोके देऊ लागतो. बरोबर आकडा आला की माणसाचा ताण सुटतो, डोकं केसभर वर येतं, घोडा थांबतो. फुंग्स्टना हे गुपित कळल्यावरही स्वतःची ती हालचाल पूर्णपणे आवरता आली नाही.

१९०७ साली हा निष्कर्ष प्रसिद्ध झाला आणि तेव्हापासून हान्सची गोष्ट भोळेपणापासून सावध करण्यासाठी सांगितली जाते. ती सावधगिरी हवीच. प्रयोग करणाऱ्याच्या अपेक्षेचा परिणाम प्रयोगावर होऊ नये, हे भान विज्ञानाला देण्यात या घोड्याचा मोठा वाटा आहे. तरीही या गोष्टीचा अर्धा अर्थ आपण सोडून दिला, असं मला वाटतं. हान्सला गणित येत नव्हतं हे ठीक. पण माणसाच्या शरीराची एक भाषा, जी आपण बोलतो हे त्या माणसालाच माहीत नव्हतं, ती या घोड्याने एकट्याने, कोणी न शिकवता आत्मसात केली होती. फॉन ओस्टेन त्याला वर्षानुवर्षं अंक शिकवत होते आणि तो त्या वर्षांत फॉन ओस्टेनना वाचायला शिकत होता. त्या अंगणात जमलेल्या सगळ्यांमध्ये सगळ्यात बारकाईने ऐकणारा तो एकटाच होता. प्रयोगांच्या काळात उत्तरं चुकू लागली की तो बिथरायचा, फुंग्स्टना त्याने चावेही घेतले. हान्सने खुराने दिलेली सगळी उत्तरं माणसांची होती. ते चावे मात्र त्याचे स्वतःचे होते, आणि त्यांची नोंद त्याच्या वाईट स्वभावाच्या खात्यावर झाली.

आपल्या घरांतही काहीसं असंच घडतं. कुत्र्याच्या वतीने घरातलं माणूस लाडिक आवाजात बोलतं, “बाबा आज आम्हाला फिरायला नेणार नाहीत वाटतं.” नवरा-बायकोतला रुसवा, लेकीची तक्रार, आजोबांचा एकटेपणा, जे थेट म्हणवत नाही ते कुत्र्याच्या तोंडून सुखरूप बाहेर पडतं. यात वाईट काहीच नाही. कित्येक घरं या बोलण्यावर तगून आहेत. वाईट घडतं ते आपण घातलेले शब्द त्या जनावराचेच आहेत असं आपल्याला वाटू लागतं तेव्हा.

‘बघा कसा अपराधी चेहरा केलाय, चूक कळली आहे त्याला’ हे त्याचं नेहमीचं उदाहरण. न्यूयॉर्कच्या अलेक्झांड्रा होरोविट्झ यांनी २००९ मध्ये हे तपासलं. खाऊला तोंड लावायचं नाही असं बजावून मालकाने खोलीबाहेर जायचं. परत आल्यावर कुत्र्याने खाऊ खाल्ला की नाही हे त्याला कधी खरं, कधी खोटं सांगितलं जायचं. पडलेले कान, चुकवलेली नजर, पोटाखाली घेतलेली शेपूट हे सगळं चूक केली की नाही यावर अवलंबून नव्हतं, मालक रागावला की नाही यावर होतं. उलट, खाऊला स्पर्शही न केलेले कुत्रे ओरडा बसल्यावर जास्तच ‘अपराधी’ दिसले. तो चेहरा सांगत असतो, ‘तू चिडला आहेस, मला भीती वाटते आहे.’ आपण त्याचा कबुलीजबाब करतो आणि आणखी रागावतो. कुत्रा स्पष्ट बोललेला असतो, आणि त्या बोलण्याबद्दलच त्याला शिक्षा होते.

अलीकडे बोलणाऱ्या बटणांची लाट आली आहे. क्रिस्टीना हंगर या अमेरिकी वाचा-उपचारतज्ज्ञाने, न बोलणाऱ्या मुलांसाठी वापरतात त्या धर्तीवर, स्टेला या आपल्या कुत्रीला ध्वनिमुद्रित शब्दांची बटणं पायाने दाबायला शिकवलं. बघता बघता हजारो घरांत असे फलक आले. सॅन डिएगोच्या विद्यापीठातले फेदेरिको रोसानो यांचा गट त्यांचा अभ्यास करतो. १५२ कुत्र्यांच्या २१ महिन्यांच्या नोंदींवरून त्यांनी २०२४ च्या अखेरीस दाखवलं की कुत्रे बटणं वाटेल तशी दाबत नाहीत, दोन बटणांच्या जोड्याही अगदीच योगायोगाच्या नसतात. यापुढे ही वाक्यं आहेत की नुसत्या मागण्या, यावर वाद चालू राहील. मला त्या नोंदींतली दुसरीच गोष्ट महत्त्वाची वाटते. कुत्र्यांनी जास्त दाबली ती बाहेर जायचं, खेळायचं, खाऊ हवा, शू लागली अशी गरजेची बटणं. ‘माझं तुझ्यावर प्रेम आहे’ हे बटण माणसांनीच कुत्र्यांपेक्षा कितीतरी जास्त दाबलं. याचं मला वाईट वाटत नाही. कुत्र्याचं प्रेम त्या बटणाविना आपल्याला कळतंच. त्याला जे सांगायचं होतं ते त्याने सांगितलं, आणि ते त्याच्या दिवसाबद्दल होतं. बटणांचा उपयोग झाला तर तो यासाठीच व्हावा.

मांजरांचं थोडक्यात सांगतो. मोठी झालेली मांजरं एकमेकांशी फारसं म्याव करत नाहीत. तो आवाज बहुतांशी माणसासाठी राखलेला असतो. आपल्याशी बोलण्यासाठी त्यांनी एक बोली वेगळी काढून ठेवली आहे, ही गोष्टच मला थक्क करून सोडते.

पोपटाची गोष्ट मात्र वेदनादायक आहे. १९७७ साली आयरीन पेपरबर्ग यांनी शिकागोच्या एका दुकानातून आफ्रिकन ग्रे जातीचा पोपट घेतला. अ‍ॅलेक्स हे त्याचं नाव. २००७ मध्ये तो गेला तोवर त्याला सुमारे पन्नास वस्तू, सात रंग, पाच आकार आणि सहापर्यंतचे अंक सांगता येत होते. दोन वस्तूंत काय सारखं आणि काय वेगळं, हेही तो सांगे. पण चाचणीचा कंटाळा आला की तो ‘परत जायचंय’ असं म्हणायचा, म्हणजे पिंजऱ्यात ठेवा, आता पुरे. माझ्या लेखी अ‍ॅलेक्सची सगळ्यात मोठी कामगिरी हीच. रंग आणि आकार ही आपण विचारलेल्या प्रश्नांची उत्तरं होती. ‘पुरे’ हे त्याचं स्वतःचं म्हणणं होतं. संवाद आहे की नाही हे ठरवायला मला याहून चांगली कसोटी माहीत नाही. समोरचा ‘नाही’ म्हणू शकतो का, आणि म्हणाला तर ते मानलं जातं का?

आपल्याकडे झाडाच्या ढोलीतून काढलेलं राघूचं पिल्लू ‘विठू विठू’ म्हणावं म्हणून पिंजऱ्यात येतं. पोपट थव्यात जगणारा पक्षी. हाक देणं आणि हाकेला ओ देणं हे त्याचं जगणं. व्हेनेझुएलातल्या एका छोट्या जातीच्या जंगली पोपटांत तर आईबापच पिल्लांना ओळखीची खास हाक देतात, असं २०११ मध्ये दिसून आलं. अशा पक्ष्याच्या कानावर थव्याऐवजी आपलीच हाक पडते, म्हणून तो ती उचलतो. त्याचं ‘विठू विठू’ म्हणजे हरवलेल्या गोतावळ्याला दिलेली साद आहे, आणि आपण तिच्यावर टाळ्या पिटतो. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने आपल्याकडचे पोपट पकडणं, विकणं, पाळणं हा गुन्हा आहे. कायदा नसता तरी ते करू नये.

बोलणारं जनावर म्हटलं की मराठी मनात पैठणचा रेडा येतो. ज्ञानेश्वरांनी त्याच्या मुखातून वेद वदवले, ही कथा प्रत्येकाला ठाऊक आहे. जुन्नर तालुक्यात आळे इथे त्या रेड्याची समाधी आहे, तिथे आजही लोक माथा टेकतात. पण परंपरेत या कथेचा आधीचा भागही सांगतात. रेड्याच्या पाठीवर आसूड ओढले गेले आणि वळ ज्ञानेश्वरांच्या पाठीवर उठले. चमत्काराच्या ओढीने आपण वेद लक्षात ठेवतो. मला ते वळ जास्त मोलाचे वाटतात. रेड्याने एक अक्षर उच्चारण्याआधीच त्याचं म्हणणं कोणाला तरी पोहोचलं होतं.

आपल्या अंगावर वळ उठायचे नाहीत, पण लक्ष देणं आपल्या हातात आहे. लहान मूल मिठी मारायला गेलं की कुत्रा तोंड फिरवतो, जीभ ओठांवरून फिरवतो, जांभई देतो, अंग ताठ करतो. हे सगळं ‘नको’ आहे. कोणी ऐकलं नाही की तो गुरगुरतो. त्यावर आपण दरडावतो, चापट मारतो, आणि काही दिवसांनी तो गुरगुरणं सोडून देतो. त्याची भीती गेलेली नसते, इशारा तेवढा गेलेला असतो. मग एक दिवस तो काहीही न सांगता चावतो, आणि सगळे म्हणतात की इतका गुणी कुत्रा अचानक कसा उलटला.

म्हणून एक कळकळीची विनंती. तुमच्या घरातला कुत्रा गुरगुरला तर त्याला गप्प करू नका. मुलाला हळूच बाजूला घ्या, कुत्र्याला मोकळी जागा द्या, आणि त्याला काय नको आहे ते शोधून काढा.